अठरा तास नकोत, रोजचा दीड तास द्या

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात आम्ही नांदे गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या नववी-दहावीच्या काही मुलामुलींच्या हातात एकेक कोरी वही दिली. अभ्यास लिहायचा नाही, दिवस लिहायचा, एवढेच सांगितले. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला काय केले ते खरे खरे लिहायचे. एक आठवडा. शाळेत दाखवायचे नाही, घरी कुणी रागावणार नाही, आम्हीही शेरा मारणार नाही.

त्यातली एक वही दहावीतल्या मुलीची. विज्ञान हा तिचा आवडता विषय. बारावी सायन्स करून नर्सिंगला जायचे तिने सहावीतच ठरवले आहे. ती साडेपाचला उठते, कारण आई सहाला सोसायटीतल्या घरकामाला निघते. पाणी भरणे, धाकट्या भावाची आंघोळ, त्याचा डबा, मग स्वतःची शाळा. संध्याकाळी परत आल्यावर भांडी, कणीक, भाकऱ्या. वडील सिक्युरिटीच्या बारा तासांच्या ड्युटीवरून आठला येतात, मग जेवण, आवराआवर. अभ्यासाला ती बसते साडेनऊला. त्याच खोलीत टीव्ही चालू असतो आणि भाऊ झोपलेला असतो, म्हणून दिवा अर्ध्या खोलीपुरताच. साडेदहाच्या चौकटीत तिने लिहिले होते, "पुस्तक उघडे होते. मी झोपले होते."

या मुलीच्या नववीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आहे, "वेळेचे नियोजन करावे."

दुसरी वही एका मुलाची. त्याला घरकाम नाही. क्लास आहे, सायकल आहे, बहिणीने करून दिलेला चहा आहे. रात्री आठ ते साडेदहा असा सलग अडीच तास अभ्यास त्याने लिहिला होता, आणि प्रामाणिक मुलगा, पुढे कंसात लिहिले होते, "मोबाईल शेजारी होता." किती वेळा हातात घेतला असे विचारल्यावर तो हसला.

आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवून बराच वेळ बसलो. एकीकडे तासच नाहीत. दुसरीकडे तास आहेत, पण भोके पडलेले. दुखणी दोन आणि आपण सगळे, म्हणजे शिक्षक, पालक, आणि हो, आम्ही कार्यकर्तेसुद्धा, दोघांना एकच गोळी देत आलो आहोत. मेहनत कर, वेळ वाया घालवू नकोस, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत होते.

नांदे हे मुळशी तालुक्यातले गाव. एका बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला लवळ्याच्या टेकडीवरचे विद्यापीठ. शेजारचे सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. नांद्यात आजही ग्रामपंचायत आहे. शेतजमिनींवर प्लॉटिंग आले, टॉवर आले, आणि त्या टॉवरमध्ये धुणीभांडी, हाऊसकीपिंग, पहारा, ड्रायव्हरकी अशी कामे आली. या भागातल्या आपल्या कितीतरी घरांचे घड्याळ आज त्या कामांवर चालते. आईची सकाळ सोसायटीची, वडिलांची रात्र कंपनीच्या गेटची. उरलेल्या घराचा भार जिच्यावर पडतो ती बहुतेक वेळा दहावीतली मुलगी असते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही श्रमविभागणी शिकलो होतो. ती या वहीत साडेपाच ते साडेनऊ अशा चौकटींत लिहिलेली सापडली.

म्हणून आमचे म्हणणे असे की विद्यार्थ्याचा वेळ ही त्याची एकट्याची मालमत्ता नाही. तो घराच्या आणि वस्तीच्या हातात असतो. आधी तो मोजावा लागतो, मग मागावा लागतो, आणि त्यानंतर विद्यार्थ्याला सांगता येते की मिळालेला वेळ कसा वापर. आपण नेमके उलटे करतो.

आता अठरा तासांबद्दल. हा विषय आपल्याकडे भावनेचा आहे याची आम्हाला जाणीव आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या निमित्ताने महाराष्ट्रभर महाविद्यालयांत, ग्रंथालयांत, विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आम्ही स्वतः त्यात बसलो आहोत. पहाटे सुरू करून रात्री उशिरा संपवताना जी ऊर्जा मिळते ती खरी असते. पुतळ्याला हार घालण्यापेक्षा पुस्तक उघडून केलेले अभिवादन कधीही मोठे. हा उपक्रम बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण अभिवादन वेगळे आणि वेळापत्रक वेगळे. अठरा तास हा आकडा ज्यांच्याशी जोडला जातो ते बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनमधले प्रौढ संशोधक होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासमोर तोच आकडा ठेवला की तो पहिल्या तीन दिवसांत हरतो आणि चौथ्या दिवशी स्वतःला आळशी म्हणू लागतो. आमच्या पहिल्या वर्षी आम्हीच पहाटे चार ते रात्री अकरा असे एक वेळापत्रक छापून घराघरांत चिकटवले होते. पुढच्या आठवड्यात गेलो तर बऱ्याच घरांत त्याच्यावर कॅलेंडर लटकत होते.

मग शाळकरी भीमराव कसे अभ्यास करत? त्यांच्या चरित्रांत याचे वर्णन आहे, आणि ते अठरा तासांपेक्षा जास्त उपयोगी आहे. मुंबईत परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच अभ्यास. सुभेदार रामजींनी त्यावर तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग आपण झोपायचे. घर शांत असते ते तास मुलाच्या वाट्याला आले. दिवसा वाचायला जागा नसे तेव्हा भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे या वाचणाऱ्या मुलाकडे लक्ष गेले, आणि पुढे मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ही भेट आपल्याला पाठ असते. पण भेटीआधी एका मुलाला घरात बसायला जागा नव्हती, आणि एका बापाने स्वतःची झोप मोडून त्याला वेळ काढून दिला होता, हे आपण भाषणात सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. १९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत सुमारे साडेसदतीस टक्के. दहावीत पन्नास-पंचावन्न टक्के मिळाल्यावर "सायन्स तुझ्यासाठी नाही" असे ज्या मुलांना सांगितले जाते, त्यांना हा आकडा जरूर सांगावा. पहाटे दोनला उठून केलेला अभ्यासही त्या वर्षीच्या गुणपत्रिकेत सगळाच्या सगळा उमटला नव्हता.

रामजींनी झोप रद्द केली नव्हती, तिची जागा बदलली होती, हेही लक्षात घ्यावे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतली झोपेवरच्या डॉक्टरांची संघटना सांगते. दिवसभर शिकलेले डोक्यात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. त्या मुलीने साडेदहाला पुस्तकावर मान टाकली तेव्हा तिचे शरीर बरोबर होते, वेळापत्रक चुकीचे होते.

या ठिकाणी सोण थेराची गोष्ट आठवते. विहारात कितीतरी जणांनी ती ऐकली असेल. चंक्रमण करून करून पायातून रक्त आले, तरी हाती काही लागेना, तेव्हा सोणाच्या मनात घरी परत जाण्याचा विचार आला. भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर? सोण उत्तम वीणावादक होता, त्याला पुढे काही सांगावे लागले नाही. अठरा तासांची ताणलेली तार आणि रीलमध्ये सैल पडलेली तार, दोन्ही आपल्या मुलांच्या घरात आहेत.

आता हिशेब करू. सध्याच्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी दहा धडे. गणित भाग एकचे सहा, भाग दोनचे सात. एकूण ३३ धडे. दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणजे जानेवारी उजळणी आणि सराव परीक्षांना ठेवावा लागतो. जुलै ते डिसेंबर हे २६ आठवडे हातात आहेत. आठवड्याला सव्वा धडा. एवढेच. रोज दीड तास, आठवड्यातले सहा दिवस, असे २६ आठवडे केले तर होतात २३४ तास. हे अठरा तासांचे तेरा उपक्रम झाले. कुठलाही मुलगा तेरा वेळा अठरा तास बसणार नाही. दीड तास मात्र बसू शकतो, जर तो दीड तास त्याला कुणी मिळू दिला तर.

पण नुसते तास मोजून भागत नाही. थोड्या थोड्या अंतराने केलेला अभ्यास एका बैठकीत उरकलेल्या अभ्यासापेक्षा जास्त टिकतो, हे मानसशास्त्रात जुने आहे. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिकलेले पहिल्या काही तासांत, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात वेगाने उडून जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे पहिली उजळणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झाली पाहिजे. सहामाहीच्या आदल्या रात्री केलेली उजळणी ही उजळणी नसते, तो धडा पुन्हा पहिल्यापासून शिकणे असते.

दुसरी गोष्ट आम्हाला याहून महत्त्वाची वाटते, कारण आपल्या मुलांची सवय तिच्या बरोबर उलट आहे. मुले अभ्यास म्हणजे वाचणे समजतात. पुस्तक वाचायचे, गाईड वाचायचे, परत वाचायचे, पिवळ्या पेनने रेघा मारायच्या. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवत होते, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर होते. परीक्षेआधी तासभर वही चाळून "सगळं येतंय" असे म्हणणारा आणि पेपर हातात आल्यावर कोरा होणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपल्यापैकी काही जण तो मुलगा होतो. तो खोटे बोलत नव्हता. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे.

म्हणून त्या दीड तासाची आम्ही अशी मांडणी करून दिली. पहिली वीस-पंचवीस मिनिटे पुस्तक बंद. आज शाळेत जे झाले ते कोऱ्या कागदावर आठवून लिहायचे. आकृती, व्याख्या, सूत्र, जे येईल ते. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका आणि राहिलेले भरायचे. कागदावरचे लाल म्हणजेच उद्याचा अभ्यास. पाच मिनिटे उठायचे, पाणी प्यायचे. मग गणिताची किंवा विज्ञानाची उदाहरणे, आणि ती एकाच प्रकारची दहा नव्हे. दोन विद्युतधारेची, दोन भिंगाच्या सूत्रावरची, एखादे मागच्या महिन्यातल्या गुरुत्वाकर्षणाचे. मिसळून केली की कुठे कुठले सूत्र लावायचे हे ठरवण्याचा सराव होतो, आणि परीक्षेत तेच तर विचारतात. शेवटची दहा मिनिटे तीन दिवसांपूर्वीचा लाल कागद. रविवारी आठवड्याचे सगळे लाल कागद एकत्र. एवढ्यावरच वर्ष निघू शकते.

दहावीच्या विज्ञानात एक खास अडचण आहे. रासायनिक समीकरण संतुलित करता येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना आम्ही मूलद्रव्यांच्या संयुजा विचारल्या. बहुतेकांची गाडी तिथेच अडली. धडा दहावीचा असतो, भोक आठवीचे असते. अशा वेळी दहावीचे पान पन्नास वेळा वाचून काही होत नाही. दोन संध्याकाळी आठवीचे पुस्तक काढून बसावे लागते, आणि दहावीतल्या मुलाला आठवीचे पुस्तक चारचौघांत उघडायची लाज वाटते. बालभारतीची जुनी पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. आम्ही ती काढून, वरचे पान फाडून, नुसते "पाया" असे लिहून ठेवली. लाज संपली.

सेमी इंग्रजीचे दुखणे वेगळेच. वर्गात शिक्षक मराठीत समजावतात, फळ्यावर इंग्रजी येते, घरी विचारायला कुणी नाही. 'रिफ्रॅक्शन' म्हणजे पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते तेच, 'अपवर्तन' म्हणतात ते हेच, ही जोडी मनात लागलेली नसते. मूल मग व्याख्या अक्षरशः पाठ करते, अर्थाशिवाय, आणि त्यात त्याचा दुप्पट वेळ जातो. अशा मुलांना आम्ही मराठी माध्यमाचे तेच पुस्तक शेजारी ठेवायला सांगतो. आधी धडा मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. काही पालकांना यात मागे जाणे वाटते. आमच्या मते समजलेल्या गोष्टीचे इंग्रजी शब्द लवकर लागतात, न समजलेल्याचे कधीच लागत नाहीत.

पेपर लिहितानाचा वेळही याच हिशेबात धरावा. विज्ञानाचा पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांच्या शास्त्रीय कारणाला सहा, पाच गुणांच्या शेवटच्या प्रश्नाला पंधरा मिनिटे. मुले पहिल्या एका गुणाच्या प्रश्नांत पानभर लिहीत बसतात आणि शेवटचे पाच गुण सुटतात. नोव्हेंबरपासून महिन्यातून दोनदा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली की हे आपोआप सुटते. यासाठी महागडी टेस्ट सिरीज लागत नाही. एक घड्याळ आणि एक दादा किंवा ताई पुरे, जी मध्ये बोलणार नाही.

मोबाईलबद्दल उपदेश करणे आम्ही सोडून दिले आहे. ज्या वहीत "मोबाईल शेजारी होता" असे लिहिले होते त्या मुलाला फक्त एवढे सांगितले की दीड तास मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात दे. बंद करून शेजारी ठेवू नको, उलटा ठेवू नको, सरळ आजीकडे दे. आजीला तो उघडता येत नाही, हा तिचा मोठा गुण. व्हिडिओवर धडा बघायचा असेल तर तो दीड तासाच्या बाहेर, आणि बघून झाल्यावर लगेच कोऱ्या कागदावर काय कळले ते लिहायचे. न लिहिता बघितलेला व्हिडिओ आम्ही अभ्यासात धरत नाही. बसण्याआधी पाच-दहा मिनिटे आनापान करणाऱ्या मुलांचे बसणे स्थिर होते असा आमचा अनुभव आहे. ज्याला जमते त्याने करावे, सक्ती नको.

हे सगळे त्या मुलाला पुरले. त्या मुलीला पुरणार नव्हते, कारण तिच्याकडे मुळात दीड तासच नव्हता. तिच्यासाठी तिच्या आई-वडिलांशी बोलावे लागले.

अशा बोलण्यात एक चूक होते, ती आम्हीही केली आहे. "मुलीला कामे सांगू नका" असे म्हणून आपण मोकळे होतो. मग कामे करणार कोण? आई पहाटे सहाला जाते ती हौसेने नाही. आम्ही त्या घरात वही घेऊन गेलो, तिच्या परवानगीने, आणि तिचा दिवस वाचून दाखवला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, ही दिवसभर मोकळीच असते." भाऊ सातवीत आहे, तो स्वतःची आंघोळ आणि डबा स्वतः करू शकतो, हे आईच्या तोंडून आले. भाकऱ्या आठवड्यातून तीन दिवस वडील आल्यावर होतील, त्याआधी नाही, हे वडिलांनी मान्य केले. भाकरी वडील थापतील असे कुणी म्हणाले नाही, आम्हीही तेवढे ओढले नाही. टीव्ही साडेआठला बंद. यातून रोज सात ते साडेआठ हा वेळ निघाला. दहाला झोप. सुट्टीच्या दिवशी आईसोबत सोसायटीच्या कामाला जाणे बंद झाले नाही, कारण ते पैसे घराला लागतात. रविवारचे लाल कागद ती संध्याकाळी बघते.

पण वेळ निघाला तरी जागा? खोली एकच. म्हणून आमचा मुद्दा शेवटी आपल्या विहारांकडे आणि समाजमंदिरांकडे येतो. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, हे त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी शाळेची वेळ बदलली. पुण्यापासून इतक्या जवळ राहणारे आपण आजही मुलांनाच वेळ बदलायला सांगतो. आपल्या किती समाजमंदिरांना संध्याकाळी सात वाजता कुलूप असते, हे कार्यकर्त्यांनी एकदा फिरून बघावे. चावी कुणाकडे असते हेही विचारावे. जयंतीच्या बैठकीला ते कुलूप उघडते, लग्नाच्या सुपारीला उघडते, मंडळाच्या भांडणाला तर नक्की उघडते.

आपल्याकडे दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. रोज थोडे, तीन महिने. कुणी एका रात्रीत तो संपवत नाही. थोडे थोडे, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सगळ्यांसोबत, ही अभ्यासाची उत्तम रीत आपल्या विहारांना आधीच येते. ग्रंथवाचनाआधीचा किंवा नंतरचा दीड तास दहावीच्या मुलांना द्यायचा, एवढाच बदल. लागते काय? दोन ट्यूबलाइट, सतरंजी, आवाज न करणारा पंखा, एक भिंतीवरचे घड्याळ, बालभारतीच्या पुस्तकांचे दोन संच. शिकवणारा नसला तरी चालतो, बसणारा मोठा माणूस मात्र लागतो. मुली येणार असतील तर परत जाताना सोबतीची जबाबदारी वेळेआधी ठरवावी लागते, त्यावर ढिलाई नको. एकदा एखाद्या मुलीच्या मागे कुणी लागले तर वस्तीतली प्रत्येक मुलगी घरी बसते, आणि मग त्या बंद झालेल्या अभ्यासिकेला आपण "मुलींचा प्रतिसाद नाही" असे म्हणतो.

खर्चाचे म्हणाल, तर एप्रिलमधल्या एका संध्याकाळच्या डीजेत हे सगळे बसते. शिवाय त्याच महिन्यात नववीची वार्षिक परीक्षा असते, हेही एकदा जयंतीच्या बैठकीत मांडून पाहा. आम्ही मांडले होते. पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी रात्री दहाऐवजी नऊला आवाज बंद करण्यावर तडजोड झाली.

गुणगौरव समारंभावरही थोडे बोलायला हवे. जूनमध्ये आपण नव्वद टक्केवाल्यांना ट्रॉफी आणि दप्तर देतो. चांगलेच आहे. पण जुलैत कुणी विचारत नाही की यंदा दहावीत वस्तीतली किती मुले आहेत, त्यांना बसायला जागा आहे का, त्यांच्या आया किती वाजता कामाला जातात. ती यादी करायला एक रविवार पुरतो. जानेवारीत "दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन शिबिर" म्हणून जो बॅनर लागतो, त्यातले तज्ज्ञ मार्गदर्शक चांगले बोलतात. फक्त तेव्हा ३३ पैकी किती धड्यांचे काय झाले हे ठरून गेलेले असते.

आमच्या ओळखीच्या एका समाजमंदिरात सध्या संध्याकाळी सात ते साडेआठ कुलूप उघडे असते. ती मुलगी तिथे येते, तो मोबाईलवाला मुलगाही येतो. पहिल्या आठवड्यात अकरा मुले होती, पावसाने रस्ता खराब झाला तेव्हा चार. आता सात-आठ असतात. मागच्या शनिवारी तिने भिंगाच्या सूत्रातली चिन्हे तिसऱ्यांदा चुकवली, लाल पेनाने स्वतःच गोल केले, आणि बाजूच्या मुलाला विचारले. त्याला येत होते. सोमवारी चावीवाले काका गावाला जाणार आहेत, चावी कुणाकडे ठेवायची ते अजून ठरलेले नाही.